बिनपगारी मॅटर्निटी लीव्हनंतर यूकेचा स्पाऊस व्हिसा: २९,००० पौंडांचं गणित कोणत्या तारखेला बसतं आणि कोणत्या तारखेला फसतं

बायको यूकेमध्ये, ब्रिटिश पासपोर्टवाली किंवा आयएलआरवाली (कायम राहायची परवानगी असलेली), नवरा पुण्यात नाहीतर नाशकात, बाळ झालंय, ती मॅटर्निटी लीव्हवर आहे आणि आता नवऱ्याचा स्पाऊस व्हिसा टाकायचाय. अशा घरांमध्ये दोनच प्रकारचे सल्ले फिरत असतात. एक म्हणजे "लीव्हवर असताना अर्ज करूच नको, रिजेक्ट होईल" आणि दुसरा म्हणजे "काळजी करू नको, मॅटर्निटीला सूट असते". दोन्ही अर्धवट. सूट आहे, पण तिला मुदत आहे, आणि ती मुदत रजा संपल्यापासून मोजत नाहीत तर शेवटचा मॅटर्निटी पगार मिळाल्यापासून मोजतात. बिनपगारी आठवडे घेतलेल्या बायका नेमक्या इथेच अडकतात, त्यामुळे हा लेख जवळपास सगळा तारखांवर आहे.

खालचे आकडे २०२५-२६ चे आहेत. अर्ज टाकायच्या दिवशी गव्ह डॉट यूकेवर एकदा ताडून बघा, फिया तर जवळजवळ दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतातच.

टप्पा १: कोणाचा पगार धरतात आणि आकडा किती

११ एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी वार्षिक ग्रॉस उत्पन्न २९,००० पौंड लागतं. मुलांसाठी वेगळी भर आता नाही. महिन्याला भागलं तर २,४१६ पौंड ६७ पेन्स, हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे पेस्लिप तपासताना लागेल.

ज्यांचा पहिला अर्ज ११ एप्रिल २०२४ च्या आधीचा आहे आणि त्याच जोडीदाराबरोबर आता एक्स्टेन्शन करतायत त्यांना अजून जुनाच १८,६०० चा आकडा लागू आहे. त्या जुन्या हिशोबात पहिल्या मुलाचे ३,८०० वाढतात, पण फक्त मूल ब्रिटिश किंवा सेटल्ड (कायम राहायची परवानगी असलेलं) नसेल तर. यूकेमध्ये ब्रिटिश किंवा आयएलआर असलेल्या आईच्या पोटी जन्मलेलं बाळ जन्मतःच ब्रिटिश असतं, म्हणजे तिथेही भर नाही. हे ३,८०० उगाच धरून टेन्शन घेणारे बरेच असतात.

आता पगार कोणाचा. नवरा भारतातून अर्ज करत असेल तर फक्त यूकेमधल्या स्पॉन्सरचा, म्हणजे बायकोचा, पगार चालतो. त्याचं हिंजवडीतलं पॅकेज कितीही असो, ते मोजणीत येत नाही कारण व्हिसा मिळाल्यावर ती नोकरी सुटणारच आहे. पण तो आधीच यूकेमध्ये कामाच्या परवानगीसकट राहत असेल, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसावरून स्विच करतोय किंवा स्पाऊस व्हिसाचं एक्स्टेन्शन करतोय, तर दोघांचे पगार मिळून धरता येतात. तसं असेल आणि त्याच्या एकट्याच्या पगारात आकडा बसत असेल तर बायकोची मॅटर्निटी लीव्ह मध्ये आणूच नका, त्याची कागदपत्रं लावा आणि मोकळे व्हा. हा लेखही इथेच बंद करा.

चेक: घरात पीआयपी, डीएलए (अपंगत्वाचे सरकारी भत्ते), केअरर्स अलाउन्स (देखभाल करणाऱ्याचा भत्ता) यातलं काही स्पॉन्सरला मिळतं का? मिळत असेल तर २९,००० ची अट लागतच नाही, वेगळी आणि बरीच सोपी कसोटी लागते.

टप्पा २: चार तारखा काढा

कागदपत्रं गोळा करायच्या आधी या चार तारखा हव्यात. आठवणीतून नको, एचआरच्या ईमेलमधून आणि पेस्लिपमधून काढा.

१. मॅटर्निटी लीव्ह सुरू झाली ती तारीख. बाळाची ड्यू डेट वेगळी आणि जन्मतारीख वेगळी, त्या इथे कामाच्या नाहीत. बाळ लवकर आलं तर रजा जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून आपोआप सुरू होते, त्यामुळे आधी ठरवलेली तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख वेगळी असू शकते.

२. शेवटचा मॅटर्निटी पगार कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे (एसएमपी, कायद्याने मिळणारा मॅटर्निटी पगार) ३९ आठवडे मिळतो. पहिले ६ आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १८७.१८ पौंड किंवा ९० टक्के, जे कमी असेल ते.

३. कामावर परत रुजू झालात किंवा होणार ती तारीख. पूर्ण रजा ५२ आठवड्यांची, म्हणजे पूर्ण घेतली तर शेवटचे १३ आठवडे बिनपगारी.

४. परत आल्यावर पहिला पूर्ण पगार कोणत्या पेस्लिपला आला.

एक उदाहरण पूर्ण लेखभर वापरू. रजा २ जून २०२५ ला सुरू. एसएमपी ३९ आठवडे, म्हणजे १ मार्च २०२६ पर्यंत. २ मार्च ते ३१ मे २०२६ बिनपगारी. १ जून २०२६ ला परत कामावर.

सावधान: रजा संपली की पुढे जोडून घेतलेली अॅन्युअल लीव्ह ही पगारी असते. मॅटर्निटी लीव्हच्या काळातही सुट्ट्या जमा होत राहतात, फुल टाइमला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस. त्यामुळे "मी जुलैमध्ये ऑफिसला गेले" आणि "माझा पूर्ण पगार जूनपासून सुरू झाला" हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्याला पगाराची तारीख हवीय.

टप्पा ३: आज तुम्ही नेमके कुठे उभे आहात

नियम यूकेच्या इमिग्रेशन नियमांतल्या अपेंडिक्स एफएम-एसई मध्ये आहे, परिच्छेद १६. सोप्या भाषेत तो असा: अर्जाच्या दिवशी तुम्हाला मॅटर्निटी, पॅटर्निटी, अडॉप्शन किंवा सिक पे मिळत असेल, किंवा अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांत मिळालेला असेल, तर नोकरीचा कालावधी आणि पगार मोजताना अर्जाच्या तारखेऐवजी रजा सुरू होण्याच्या आधीचा काळ धरता येतो. म्हणजे एसएमपीचे तुटपुंजे महिने आणि शून्य पगाराचे महिने बाजूला, आणि गरोदरपणातले पूर्ण पगाराचे महिने पुढे.

आता यात पे म्हटलंय, लीव्ह म्हटलेलं नाही. उदाहरणातल्या बाईला शेवटचा पे १ मार्च २०२६ पर्यंत मिळाला. त्यापासून ६ महिने म्हणजे साधारण ऑगस्ट २०२६ च्या अखेरीपर्यंत तिला सूट आहे. ती मात्र मनात ३१ मे पासून ६ महिने मोजत बसते आणि "नोव्हेंबरपर्यंत निवांत आहे" असं धरून चालते. तीन महिन्यांचा फरक पडला, आणि तोच सगळ्यात वाईट तीन महिन्यांचा.

वाईट का, ते बघा. सूट संपल्यावर साधा नियम लागतो, कॅटेगरी ए, म्हणजे अर्जाच्या आधीचे सलग ६ महिने त्याच कंपनीत आणि त्या सहा महिन्यांत सगळ्यात कमी जो पगार असेल त्यावर वर्षाचा हिशोब. जून ते नोव्हेंबर २०२६ अशा सहा पूर्ण पगाराच्या पेस्लिपा हातात यायला नोव्हेंबरचा शेवट उजाडतो. म्हणजे:

- २ जून २०२५ ते ऑगस्ट २०२६ अखेर: अर्ज करता येतो, रजेआधीच्या पगारावर.
- सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२६: गॅप. सूटही संपली आणि सहा महिने पण भरले नाहीत.
- नोव्हेंबरची पेस्लिप आल्यावर: अर्ज करता येतो, नव्या पगारावर.

आणि हा गॅप बरोबर तेवढाच लांब असतो जेवढे बिनपगारी आठवडे तुम्ही घेतले. १३ घेतले तर १३ आठवड्यांचा, ६ घेतले तर ६ चा. ३९ आठवड्यांनंतर लगेच परत आलात तर गॅपच नाही, कारण एका बाजूची सूट संपते तोवर दुसऱ्या बाजूचे सहा महिने भरत येतात. पगारवाढ, पार्ट टाइम वगैरे भानगडी नसतील तर हे गणित असंच चालतं.

म्हणून ज्यांची रजा अजून चालू आहे त्यांनी आत्ताच ठरवा: अर्ज बिनपगारी काळातच टाकायचा की लवकर परत जायचं. ठरलेल्या तारखेआधी परत जायचं असेल तर कंपनीला ८ आठवड्यांची नोटीस द्यावी लागते, हे ऐनवेळी आठवून उपयोग नाही. माझं मत विचाराल तर कागद तयार असतील तर बिनपगारी काळातच अर्ज टाकावा, बाळाला सोडून फक्त व्हिसासाठी घाईने ऑफिसला पळायची गरज बहुतेकींना नसते. फक्त त्यांना कोणीतरी उलटं सांगितलेलं असतं.

सावधान: मॅटर्निटी लीव्हनंतर काहीजणी अनपेड पॅरेंटल लीव्ह जोडतात. तो वेगळा प्रकार आहे, त्यात मॅटर्निटी पे नाही, त्यामुळे सवलतीची मुदत एक दिवसही वाढत नाही आणि गॅप मात्र वाढतो.

सावधान: कीप इन टच डे म्हणून जे १० दिवस काम करता येतं त्याला कामावर परत येणं म्हणत नाहीत. त्या दिवसांच्या पैशाने पेस्लिप थोडी फुगते एवढंच.

टप्पा ४: रजेआधीचे सहा महिने भिंग लावून बघा

सूट मिळाली म्हणजे झालं असं नाही. आता परीक्षा त्या जुन्या सहा महिन्यांची. उदाहरणात डिसेंबर २०२४ ते मे २०२५. या सहा पेस्लिपा एका ओळीत मांडा आणि प्रत्येकीवरचा ग्रॉस पगार २,४१६.६७ च्या वर आहे का बघा. ठरावीक पगाराची नोकरी असेल तर सरासरी चालत नाही, सगळ्यात कमी महिना धरतात.

इथे नेहमी सापडणाऱ्या गोष्टी:

पगारवाढ मध्येच झाली. एप्रिलमध्ये २८,००० चे ३०,५०० झाले. आनंद आहे, पण डिसेंबर ते मार्च अजून २८,००० वरच आहेत, म्हणून कॅटेगरी ए मध्ये तुमचा पगार २८,००० च धरणार. हजार पौंडांनी हुकलं.

गरोदरपणात उलट्या, पाठदुखी, हॉस्पिटलच्या फेऱ्या, त्यात एखादा महिना सिक पे वर गेला किंवा चार दिवस बिनपगारी घेतले. एक महिना खाली आला की पूर्ण हिशोब खाली. सिक पे पण परिच्छेद १६ मध्ये आहे, त्यामुळे आजारपणाची रजा लागून पुढे मॅटर्निटी लीव्हमध्ये गेली असेल तर त्या आजारपणाच्या आधीचा काळ धरायचा का हा प्रश्न येतो, आणि अशा मिश्र केसमध्ये सॉलिसिटरला एकदाचे पैसे देणं स्वस्त पडतं.

तासावर पगार. केअर होम, रिटेल, एनएचएस बँक शिफ्ट (सरकारी हॉस्पिटलातल्या बोलावतील तशा शिफ्ट) वगैरे. इथे नियम वेगळा, सहा महिन्यांचं एकूण ग्रॉस घेऊन त्याची सरासरी काढतात, त्यामुळे एखादा महिना कमी असला तरी बाकीचे सांभाळून घेतात. ओव्हरटाइम, कमिशन आणि बोनसही उत्पन्नात येतात.

कॅटेगरी ए हुकली तर कॅटेगरी बी बघा. त्यात दोन गोष्टी लागतात: चालू वार्षिक पगार २९,००० च्या वर, आणि शिवाय १२ महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेलं ग्रॉसही २९,००० च्या वर. वरच्या २८,००० वाल्या बाईला याचा उपयोग नाही, बारा महिन्यांत तिचे २९,००० होतच नाहीत. पण जिला ओव्हरटाइम किंवा बोनस भरपूर होता, किंवा जिने वर्षात नोकरी बदलली, तिचं इथे बसू शकतं. बारा महिने पण रजेच्या आधीचेच धरायचे, आणि पेस्लिपा सहाच्या बारा लागतील.

चेक: आज नोकरी चालू आहे ना? रजेवर असणं चालतं, राजीनामा दिलेला चालत नाही. अर्जाच्या दिवशी नोकरी हवीच, आणि अर्ज पेंडिंग असताना राजीनामा देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

टप्पा ५: एचआरचं पत्र

सगळ्यात जास्त फाइली या एका कागदावर लटकतात. हल्ली बऱ्याच कंपन्यांत एचआर पोर्टलवर बटण दाबलं की "टू हूम इट मे कन्सर्न" असं दोन ओळींचं पत्र निघतं: अमुक व्यक्ती आमच्याकडे कामाला आहे, सध्या रजेवर आहे, बस. कधीकधी त्यात सिस्टीमने उचललेला चालू पगार शून्य किंवा एसएमपीचा आकडाच छापलेला असतो. ते पत्र लावू नका. एचआरच्या माणसाला थेट ईमेल करा आणि काय काय हवंय ते मुद्देसूद लिहून द्या, ते स्वतःहून कधीच बरोबर लिहीत नाहीत, त्यांनाही हे रोज करावं लागत नाही.

पत्रात हे सगळं हवं, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी आणि तारखेसकट:

- नोकरी कधीपासून, आणि आजही चालू आहे
- पर्मनंट, फिक्स्ड टर्म की एजन्सी
- वार्षिक ग्रॉस पगार किती, आणि त्या पातळीचा पगार किती काळापासून मिळत होता
- मॅटर्निटी लीव्ह कोणत्या तारखेला सुरू झाली
- मॅटर्निटी पे चा हक्क आहे, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिला, किंवा दिला जाणार आहे
- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा बिनपगारी आहे
- कामावर परत येण्याची तारीख आणि परत आल्यावरचा पगार

शेवटचे दोन मुद्दे नियमात शब्दशः मागितलेले नाहीत, पण बँक स्टेटमेंटमध्ये पगार अचानक बंद झालेला दिसतो तेव्हा व्हिसा ऑफिसरला कारण शोधत बसायला लावू नये. बाकीचे मुद्दे मात्र सोडू नका.

सावधान: परत येताना चार दिवसांचा आठवडा किंवा पार्ट टाइम मागितलाय आणि कंपनीने तो मंजूर केलाय, तर पत्रात नवा कमी पगार येणारच. तो लपवायचा नाही, होम ऑफिस (व्हिसा देणारं खातं) कंपनीला फोन करू शकतं आणि एचएमआरसीची (टॅक्स खात्याची) माहितीही तपासू शकतं. जमत असेल तर तासांचा बदल व्हिसाचा निकाल लागल्यावर मागा. नसेल जमत तर टप्पा ७ मधलं सेव्हिंग्जचं गणित करून ठेवा.

टप्पा ६: पेस्लिप आणि बँक स्टेटमेंट जुळवणी

ज्या सहा किंवा बारा महिन्यांवर अर्ज उभा आहे त्यांच्या सगळ्या पेस्लिपा आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट लागतात, आणि पेस्लिपवरचा नेट आकडा बँकेत जसाच्या तसा दिसला पाहिजे. एका रात्री बसा, बाळ झोपल्यावर, आणि एकेक करून टिक करा. खातं स्पॉन्सरच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर असलं पाहिजे. पगार सासऱ्यांच्या किंवा भावाच्या खात्यात जात असेल तर ते चालणार नाही.

याशिवाय रजेच्या काळातल्या पेस्लिपा पण जोडा, एसएमपीच्या आणि शून्याच्या दोन्ही. आणि सगळ्यात ताजी पेस्लिप व ताजं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं ठेवा. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरून सबमिट केलं तो दिवस, व्हीएफएसची (व्हिसा अर्ज केंद्राची) अपॉइंटमेंट नव्हे.

आता बिनपगारी महिन्यांच्या पेस्लिपमध्ये एक गंमत असते, ती बघून लोक घाबरतात. ग्रॉसच्या रकान्यात शून्य आणि नेटमध्ये मात्र काही पौंड! हा पगार नाही. टॅक्स कोड क्युम्युलेटिव्ह (वर्षाचा एकत्र हिशोब करणारा) असला की पगार थांबल्यावर आधी जास्त कापलेला टॅक्स पेरोलमधूनच थोडा थोडा परत येतो. याला उत्पन्न म्हणून धरू नका, आणि ऑफिसरचा गोंधळ होऊ नये म्हणून कव्हर लेटरमध्ये एका ओळीत लिहून टाका. काही कंपन्या शून्य महिन्यांच्या पेस्लिपा काढतच नाहीत, तेव्हा एचआरच्या पत्रातली बिनपगारी तारखांची ओळ कामाला येते.

पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा दाखला) आणि नोकरीचं काँट्रॅक्ट असेल तर लावा. मॅट बी१ सर्टिफिकेट (गरोदरपणाचा डॉक्टरी दाखला) आणि बाळाचा जन्मदाखला पण, गोष्ट एकसंध दिसते. भारतातला एखादा कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

चेक: पहिल्या पेस्लिपपासून शेवटच्या पेस्लिपपर्यंत कंपनीचं नाव एकच आहे का? कंपनी विकली गेली किंवा ट्रान्सफर झाली असेल तर त्याचंही पत्र घ्या, नाहीतर नवी नोकरी वाटते.

टप्पा ७: गॅपमध्येच सापडलात तर

सगळ्यात आधी, थांबता येतं का बघा. नवरा भारतातून पहिल्यांदा अर्ज करतोय तर कोणतीही डेडलाइन नाही. दोन महिने थांबणं त्रासदायक आहे, मान्य, पण एप्रिल २०२५ च्या दराने बाहेरून अर्जाची फी १,९३८ पौंड आहे, आणि रिफ्युजल आलं तर हेल्थ सरचार्ज (अर्जासोबत भरायचा आरोग्य सेवेचा आकार) परत मिळतो पण ही फी मिळत नाही. मधल्या काळात त्याला व्हिजिटर व्हिसावर बोलवा, बाळ बघून जाऊ दे, पण तिथे बसून स्पाऊसमध्ये स्विच करू म्हणाल तर ते होत नाही, व्हिजिटरला स्विच करता येत नाही.

कॅटेगरी बी ने गॅप भरतो का? जवळजवळ कधीच नाही. उदाहरणातली बाई ३४,००० पगारावर आहे आणि १ ऑक्टोबर २०२६ ला अर्ज करते. मागच्या बारा महिन्यांत तिला ऑक्टोबर ते फेब्रुवारी एसएमपीचे साधारण ४ हजार मिळाले, तीन महिने शून्य, आणि चार महिन्यांचे पूर्ण पगाराचे ११ हजार तीनशे. बेरीज १५ हजारांच्या आसपास. २९,००० कुठे आणि हे कुठे.

सेव्हिंग्ज: १६,००० च्या वरच्या रकमेला अडीचने भागायचं, तेवढी तूट भरून निघते. पगार अजिबात मोजला जात नसेल तर पूर्ण २९,००० साठी ८८,५०० पौंड लागतात, म्हणजे रुपयात कोटीच्या घरात. पण पार्ट टाइमवर परत येऊन सहा महिने झाले आणि पगार २४,००० असेल तर तूट फक्त ५,००० ची, त्याला १६,००० अधिक १२,५०० असे २८,५०० पौंड पुरतात. हा पैसा भारतात असला तरी चालतो, त्यासाठी यूकेला पाठवायची गरज नाही. अटी मात्र पक्क्या: नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा दोघांच्या नावावर, सलग ६ महिने, कर्जाऊ नको, आणि लगेच काढता येण्यासारखा. एफडी मोडल्यावर दंड लागतो म्हणून अडत नाही, मोडता आली की झालं. आईवडिलांनी दिलेली भेट चालते, पण ती पण खात्यात सहा महिने मुरलेली हवी.

सावधान: पतसंस्थेतल्या ठेवी यात धरू नका. बँकेवर त्या देशाच्या नियामकाचं, म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं, नियंत्रण असणं लागतं आणि पतसंस्था त्यात येत नाहीत. गावाकडे बराचसा पैसा तिथेच असतो, त्यामुळे तो सहा महिने आधी बँकेत हलवावा लागतो, अर्जाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

एसएमपी मिळालाच नाही, त्याऐवजी सरकारकडून मॅटर्निटी अलाउन्स मिळाला, अशा पण बऱ्याच जणी असतात, नोकरी नवीन असल्यामुळे किंवा सेल्फ एम्प्लॉइड असल्यामुळे. हा अलाउन्स उत्पन्न म्हणून धरतात, पण नोकरीच्या पगारात नाही तर कॅटेगरी सी (नोकरीबाहेरचं उत्पन्न) मध्ये, डीडब्ल्यूपीचं (भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याचं) पत्र आणि बँक स्टेटमेंट लावून. पूर्ण ३९ आठवड्यांचा झाला तरी ७,३०० पौंडच होतात, त्यामुळे हा टेकू आहे. चाइल्ड बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट मात्र अजिबात धरत नाहीत.

एक्स्टेन्शनवाल्यांना थांबायची चैन नाही, व्हिसा संपायच्या आत अर्ज जायलाच हवा. पण बाहेरून आलेला पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो आणि ३० महिने पूर्ण व्हायच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे हातात जवळजवळ चार महिने असतात. त्या चार महिन्यांत तुमचा गॅप कुठे पडतो ते बघून तारीख निवडा. आणि इथे नवऱ्याचाही पगार धरता येतो हे विसरू नका.

टप्पा ८: फॉर्म आणि कव्हर लेटर

ऑनलाइन फॉर्ममध्ये मॅटर्निटीसाठी वेगळा रकाना शोधत बसू नका. उत्पन्नाच्या ठिकाणी रजेआधीचा वार्षिक ग्रॉस पगार भरा आणि जिथे जादा माहिती लिहायची जागा आहे तिथे तीन-चार वाक्यांत सांगा: रजा या तारखेला सुरू, मॅटर्निटी पे या तारखेपर्यंत, अर्ज त्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणून परिच्छेद १६ प्रमाणे रजेआधीच्या सहा महिन्यांवर अवलंबून आहोत. बस एवढंच. परिच्छेदाचा नंबर लिहाच.

कव्हर लेटर एक पान. त्यात टप्पा २ मधल्या चार तारखा, खाली महिनावार छोटा तक्ता: महिना, ग्रॉस, नेट, बँकेत आलेली तारीख. प्रेमकहाणी, बाळाचे फोटो, आजीआजोबांची तळमळ हे नात्याच्या पुराव्याच्या फाइलमध्ये ठेवा, पैशाच्या फाइलमध्ये नको. काहीजण घाबरून पगाराच्या जोडीला सेव्हिंग्जची अर्धवट स्टेटमेंट पण कोंबतात. पगारावर आकडा बसत असेल तर एकाच कॅटेगरीवर उभे राहा, जास्तीचे कागद म्हणजे जास्तीचे प्रश्न.

फी भरायच्या आदल्या दिवशी एकदा कॅलेंडर उघडा, शेवटच्या मॅटर्निटी पे ची तारीख घ्या आणि त्यात सहा महिने मिळवा. उत्तर उद्याच्या तारखेच्या पुढे असेल तरच बटण दाबा. अगदी शेवटच्या आठवड्यावर आला असाल तर व्हीएफएसची मुंबई किंवा पुण्याची अपॉइंटमेंट कधी मिळते याची वाट बघत थांबू नका, ऑनलाइन सबमिट आणि फी आधी करा, बोटांचे ठसे नंतर देता येतात. आणि एचआरमध्ये ज्याच्या सहीचं पत्र आहे त्या माणसाला सांगून ठेवा की होम ऑफिसकडून फोन किंवा ईमेल येऊ शकतो, तो सुट्टीवर असला तर दुसऱ्या कोणाला तरी तुमची केस माहीत असली पाहिजे.